छपरावरचे दगड उतरवा!

चैत्र संपत आला, कीं आमच्या खाप्यांतील कोणत्याही उंच गच्चीवरून गांवाकडे एकदां नजर टाकावी. कन्हानच्या कांठापासून विणकरांच्या आळीपर्यंत जिकडे तिकडे टिनाचीं छपरें उन्हांत लखलखत असतात आणि त्यांतल्या पुष्कळ छपरांवर दगड मांडून ठेवलेले दिसतात. कोठें दगड, कोठें विटा, कोठें मोटारीचे जुने टायर, तर कोठें फुटका पाटा. नवख्या मनुष्यास वाटावें, कीं या गांवांत दगड वाळत घालण्याची चाल आहे! परंतु आम्हां गांवकऱ्यांस त्याचें कारण पुरतें ठाऊक आहे. वैशाखांतलें वावधान सुटलें म्हणजे छप्पर उडूं नये, एवढ्यासाठीं हा सारा बंदोबस्त. तो किती फसवा आहे हें आमच्या घरानें कसें ओळखलें आणि पुढें आम्हीं काय केलें, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पूर्वीं आमच्याकडे बहुतेक घरें कवेलूंचीं असत. दर उन्हाळ्यांत कवेलू फेरून घ्यावे लागत. आणि फेरून झाल्यावर चार दिवसांत वानरांची टोळी येऊन निम्मे फोडून जाई. पुढें फेरणारे कारागीर मिळेनासे झाले आणि घरोघर टिन आलें. तें हलकें, स्वस्त आणि दोन दिवसांत बसणारें. सोय झाली यांत शंका नाहीं. पण एक गुण मात्र गेला. कवेलूंच्या छपरांत शेंकडों फटी असतात. वाऱ्याचा दाब त्यांतून आंतबाहेर सरतो आणि फारच झालें तर दहावीस कवेलू घसरून पडतात. टिनाचा पत्रा मात्र शिडासारखा अखंड असतो. त्याची एक कड सुटली, कीं सगळें पाखें उचलतें.

आमच्या परसांतील प्रसंग

आमचें घर तीन भावांचें, एकत्र. परसांत आंब्याच्या झाडापलीकडे चार लोखंडी खांबांवर उभारलेली, दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी टिनाची एक खोली आहे. ती बांधली पुतण्याच्या अभ्यासासाठीं. पुढें तींत पाहुणे निजूं लागले, आणि सुटींत तर मुलांचें राज्यच तेथें असे. होळी झाली, कीं आमची आई गड्याकडून मोजून वीस दगड त्या छपरावर चढवून घेई. एकेक दगड दहा किलोंचा तरी असेल. दगड चढले म्हणजे आई निश्चिंत आणि आई निश्चिंत म्हणून आम्ही सारे निश्चिंत!

तीन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत एके दिवशीं चारच्या सुमारास वायव्येकडचें आभाळ धुळीनें पिवळें झालें. मुलें आंब्याखालीं पडलेल्या कैऱ्या वेंचीत होतीं. वहिनींनीं ओसरीवरून हांक मारली, “आधीं घरांत या पाहूं सगळीं!” धाकट्या भावाची सात वर्षांची मुलगी सर्वांच्या मागून फ्रॉकच्या ओच्यांत कैऱ्या सांभाळीत ओसरीवर चढली, आणि त्याच क्षणीं परसांत कडाका झाला. खोलीचे तीन पत्रे एकदम उभे राहिले. त्यांवरचे दगड गोट्यांसारखे चहूंकडे गेले. दोन पत्रे कुंपणाशीं चुरगळून पडले आणि तिसरा भिंतीवरून पलीकडे गेला.

पाऊस ओसरल्यावर आम्हीं पाहिलें, तों आंब्याखालीं, जेथें ती मुलगी नुकतीच वांकून उभी होती तेथें, एक दगड मातींत निम्मा रुतलेला होता. त्याकडे पाहून कोणीच कांहीं बोललें नाहीं. इतक्यांत मागच्या दारीं शेजारचा विणकर येऊन उभा राहिला. आमचा तिसरा पत्रा त्याच्या मागाच्या खोलीच्या भिंतींत शिरला होता. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, “मास्तर, पत्रा तुमचाच ना? पोरं आंतच होती.”

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पत्र्यांचें नुकसान भरून येण्याजोगें होतें. परंतु आपल्या घराचा निष्काळजीपणा भिंत ओलांडून दुसऱ्याच्या मुलांवर जातो, ही गोष्ट मीं उभ्या आयुष्यांत प्रथमच अशी समोर पाहिली.

वारा ढकलीत नाहीं, ओढतो

ज्या पुतण्यासाठीं ती खोली बांधली होती, तो आतां नागपुरास स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. पुढच्या रविवारीं तो आला आणि आईच्या खाटेजवळ बसून त्यानें सर्वांस हा विषय समजावून दिला. त्यानें वहीच्या कागदाची एक लांब पट्टी ओठांशीं धरली आणि तिच्या वरच्या बाजूनें फुंकर घातली. लोंबणारी पट्टी खालीं न जातां वर उचलली गेली. आपली समजूत अशी असते, कीं वारा छपरास ढकलतो. खरें पाहतां छपराच्या कडेवरून वेगानें वाहणारा वारा पत्र्याच्या वर हवेचा दाब कमी करतो आणि पत्रा वर ओढला जातो. प्रवाहाचा वेग वाढला म्हणजे त्याचा दाब घटतो, हें तत्त्व डॅनियल बर्नुली या स्विस गणित्यानें १७३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडलें आहे. अशा वेळीं वाऱ्याच्या तोंडचें दार उघडें असलें, तर आंत शिरलेला वारा खालून रेटा देतो. वरून ओढ आणि खालून रेटा, अशा कचाट्यांत छप्पर सांपडतें.

वैशाखांतील वादळांत हा वारा अकस्मात् येतो, त्याचेंही कारण आहे. उंच ढगांत पावसानें थंड व जड झालेली हवा एकदम खालीं कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूंकडे पसरते. म्हणून घटकेपूर्वीं पान हलत नसतां क्षणांत झाडें लवूं लागतात. छपराकडे धांवण्यास त्या वेळीं अवधि नसतो.

मग पुतण्यानें हिशेब मांडला. ताशीं ८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरावर सुमारें ३० किलो होतो. आमच्या खोलीचें छप्पर ११ चौरस मीटरांचें. म्हणजे त्यावर मोठ्या मानानें सव्वातीनशें किलोंची ओढ. अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्यांचें वजन जेमतेम ५० किलो. आईच्या वीस दगडांचे २०० किलो मिळविले तरी बेरीज अडीचशेंच! शिवाय ओढ सगळीकडे सारखी नसते. कडांना आणि विशेषतः चार कोपऱ्यांना ती सर्वांत अधिक असते. म्हणून पत्रा नेहमीं कडेनें सुटतो.

आणि ८० हा कांहीं मोठा वेग नव्हे. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासंबंधीं भारतीय मानक ब्यूरोची जी संहिता आहे, तींत नागपूरसाठीं सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १५८ किलोमीटर, हा मूळ वेग धरून बांधकाम करावें असें सांगितलें आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे दाब चौपट होतो. त्या वेगास आमच्या छपरावरची ओढ १३०० किलोंच्या घरांत जाते. तेवढे दगड ठेवावयाचे, तर वारा येण्यापूर्वींच छप्पर खालीं बसेल!

आई सगळें ऐकत होती. ती म्हणाली, “वजनच हवें ना रे? मग तें खालीं पुरा आणि छप्पर त्याला बांधा. बैलाला दाव्यानें बांधतात. त्याच्या पाठीवर दगड नाहीं ठेवीत कोणी.”

या एका वाक्यांत सारा विषय येऊन गेला, असें मला आजही वाटतें.

दगडांनीं काय होतें

छपरावरचा सुटा दगड वाऱ्यास अडवीत नाहीं. पत्रा उचलला, कीं तो कोणाच्या तरी डोक्यावर जावयाचा. तीच गोष्ट सुट्या पत्र्याची. जून २०२४ मध्यें बुलढाणा जिल्ह्यांतील एका खेड्यांत वादळानें घराचें टिनाचें छप्पर उडालें. छपराच्या लोखंडी अँगलला पाळणा बांधलेला होता आणि त्यांत तान्हें मूल निजलेलें होतें. छपराबरोबर तें मूलही गेलें आणि दगावलें. ही हकीकत वाचली त्या दिवशीं आमच्या घरांत कोणास जेवण गेलें नाहीं. घरोघरच्या आजींना माझी हात जोडून विनंती आहे, कीं टिनाच्या छपराच्या पाईपास वा अँगलास पाळणा, झोळी किंवा झोका कधींही बांधूं नये. पाळण्यास वेगळी घोडी असावी.

दुसरा धडा झाडांचा. ९ एप्रिल २०२३ रोजीं अकोला जिल्ह्यांतील पारस येथें वादळी पावसांत मंदिराच्या आवारांतील टिनाच्या मंडपाखालीं लोक आसऱ्यास थांबले होते. कडुनिंबाचें जुनें झाड त्या मंडपावर कोसळून सात जण मृत्यु पावले. टिन पाऊस अडवितें, झाड अडवीत नाहीं. कोंकणांत ३ जून २०२० रोजीं आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानें तर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य घरें उघडीं केलीं. आम्ही समुद्रापासून दूर आहों, म्हणून आपणांस चक्रीवादळाचें भय नाहीं हें खरें. पण वळिवाचा एकच झोत छप्पर न्यावयास पुरेसा असतो.

साखळी कशी जुळवावी

छप्पर टिकतें तें एका साखळीवर. पत्रा आडव्या पाईपास, आडवा पाईप तिरप्या वाशास, वासा खांबास वा भिंतीस, आणि खांब जमिनीस, अशा या चार कड्या. यांतील एकही कच्ची असली, तर बाकीच्या तिघींचा खर्च व्यर्थ होतो. आमच्या खोलीचे खांब फरशीवर नुसते टेकविलेले आढळले!

पहिली कडी पत्र्याची. लांकडावर नुसत्या खिळ्यानें ठोकलेला पत्रा सरळ उपटून येतो. त्याजागीं पाईपाखालून वळसा घेणारे जे आकाराचे हूक, किंवा पाईपांत फिरून बसणारे स्क्रू लावावे. ते पत्र्याच्या खोलगट नळींत न घालतां उंचवट्यावर घालावे, म्हणजे पाणी गळत नाहीं. प्रत्येकाखालीं रुंद वायसर असावा. नाहीं तर पातळ पत्रा त्याच्याभोंवतीं फाटून वर निघून जातो आणि हूक मात्र जागच्या जागीं राहतो. वळचणीस, आढ्यापाशीं आणि दोन्ही बाजूंच्या कडांस एक उंचवटा सोडून एक असे हूक हवेत. मधल्या भागांत थोडे विरळ चालतात. आडव्या पाईपांतील अंतर तीन-चार फुटांहून अधिक नसावें. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षां पुढें काढूं नये. तेवढी सावली कमी मिळेल, पण वाऱ्यास खालून धरावयास जागा राहणार नाहीं.

दुसरी आणि तिसरी कडी सांध्यांची. वेल्डिंगचे नुसते ठिपके दिलेले असतात. तेथें चारही बाजूंनीं पुरता सांधा भरून घ्यावा आणि गंज खरवडून रंग द्यावा. छप्पर विटांच्या भिंतीवर टेकलेलें असेल, तर वाशावरून लोखंडी पट्टी घेऊन ती भिंतीच्या बाजूनें दोन-तीन फूट खालीं आणावी व आरपार बोल्टांनीं आवळावी. वरच्या एका थरांत अडकविलेला बोल्ट चार विटा घेऊन वर येतो.

चौथी कडी जमिनीची, आणि हीच बहुतेक ठिकाणीं नसते. प्रत्येक खांबाशीं दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा काँक्रीटनें भरला, तर त्याचें वजन सुमारें ५०० किलो होतें. चार खांबांचे २००० किलो झाले. म्हणजे १३०० किलोंच्या ओढीस पुरून उरतील इतके. खांबास लोखंडी सळ्या जोडून त्यांचीं टोकें वांकवून काँक्रीटांत गाडावीं. आमच्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावें.

नवें छप्पर घालणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं धरावी. अगदीं सपाट छपरावर वाऱ्याची ओढ फार बसते. बऱ्यापैकीं उतार असलेलें छप्पर अधिक टिकतें, आणि दुपाखीपेक्षां चौपाखी त्याहून बरें. आपल्या जुन्या घरांचीं पाखीं उगीच तशीं नव्हतीं. तसेंच, टिनावर सौर पाट्या बसविणारांनीं आधीं ही साखळी तपासून घ्यावी, कारण तिरप्या पाट्या वाऱ्यास आणखी एक शीड देतात.

विंचवाचें बिऱ्हाड

ही चौथी कडी किती मोलाची आहे, हें पाश्चात्त्य देशांतील एका उदाहरणावरून दिसतें. अमेरिकेंत पुष्कळ कुटुंबें चाकांवरच्या घरांत राहतात. मोटारीमागें जोडून तें घर एका जागीं आणावयाचें आणि पुढें वर्षानुवर्षें तेथेंच ठेवावयाचें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तेंच. फक्त विंचू एका जागीं बसलेला! अशा घरास पाया नसतो. म्हणून घराच्या सांगाड्यापासून, आणि पुष्कळदां छपरावरूनही, पोलादी पट्टे घेऊन ते जमिनींत खोल पिळून बसविलेल्या लोखंडी नांगरांस ताणून बांधतात. कारखान्यांत तयार होणाऱ्या घरांसाठीं तेथील मध्यवर्ती सरकारचे नियम १९७६ पासून आहेत. ऑगस्ट १९९२ मध्यें ‘अँड्र्यू’ नांवाच्या वादळानें फ्लॉरिडांत अशा घरांची दाणादाण उडविल्यावर १९९४ मध्यें वाऱ्यासंबंधींचे नियम पुष्कळ कडक करण्यांत आले. तरीही मोठ्या वादळाची सूचना मिळाली, कीं अशा घरांतून बाहेर पडून पक्क्या इमारतींत जावें, असेंच तेथें सांगतात.

आपल्याकडेही हल्लीं शेतावर, बांधकामावर आणि रस्त्याच्या कडेस तयार लोखंडी खोल्या आणून ठेवितात. चाकें काढून उभी केलेली दुकानाची गाडीही तशीच. त्या जड दिसतात म्हणून कोणी बांधीत नाहीं. त्यांसही हाच न्याय लागू आहे. चारही कोपऱ्यांस जमिनींत पुरलेल्या वजनाशीं बांधल्याविना त्यांत कोणी निजूं नये.

घरांतील मंडळींसाठीं

आमच्या घरीं आतां होळीच्या दुसऱ्या दिवशीं छपराची तपासणी होते. तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं. हूक सैल आहेत काय, वायसर कुजले आहेत काय, पत्र्यांस भोकें मोठीं झालीं आहेत काय, हें पुतण्या वर जाऊन पाहतो. परंतु तो पत्र्यावर पाऊल टाकीत नाहीं, तर आडवी फळी टाकून तिच्यावरून चालतो. आंब्याच्या ज्या फांद्या छपरावर येतात, त्या छाटून टाकतो.

हवामानखात्याचें प्रादेशिक केंद्र नागपुरासच आहे. त्याच्या सूचना मोबाईलवर मिळतात. ज्या दिवशीं वादळाची सूचना असेल, त्या दिवशीं दुपारनंतर परसांतील खोली मोकळी ठेवावयाची, हा वहिनींचा नियम आहे आणि तो पाहुण्यांसही लागू आहे. वारा सुटतांच त्याच्या तोंडचीं दारें-खिडक्या लावाव्या. सर्व दारें उघडीं टाकलीं म्हणजे वारा निघून जातो ही समजूत चुकीची आहे. मुलें, वृद्ध आणि आजारी यांनीं स्लॅबच्या किंवा पक्क्या खोलींत बसावें. पत्रा हलूं लागला म्हणून तो धरून ठेवण्यास कोणीही वर चढूं नये. वादळ शमल्यावर पडलेल्या पत्र्यास हात लावण्यापूर्वीं त्यावर विजेची तार नाहीं ना, हें पाहावें. शंका असल्यास घरचें मुख्य बटण बंद करून वीजखात्यास कळवावें. नुकसान झालें असेल, तर आवराआवर करण्यापूर्वीं छायाचित्रें काढून ठेवावीं. पंचनाम्याच्या वेळीं तीं उपयोगी पडतात.

या सर्वांस खर्च किती, असें कोणी विचारील. हूक आणि वायसर यांचा खर्च फार तर एक-दोन पत्र्यांच्या किमतीइतका आला. काँक्रीट आणि वेल्डिंगचें काम त्याहून अधिक झालें. पण तें एकदांच करावें लागतें.

खड्डे भरण्याच्या दिवशीं आईनें ते वीस दगड परसांत मागविले आणि प्रत्येक खड्ड्यांत पांच पांच, सिमेंटच्या मालांत बसवून घेतले. विणकर शेजारीही पाहावयास आला होता. त्यानें आमचे पाने आठ दिवस नेले आणि आपल्या मागाच्या खोलीचे हूक बसवून परत आणून दिले. त्यानंतर दोन वैशाख गेले. वावधानें आलीं, पत्रे खडखडले, आणि जागच्या जागीं राहिले. आईचे दगड आजही छप्पर धरून आहेत. फक्त आतां ते खालून धरतात.